डावीकडे निघालेला बेडूक

चिझुरु वर आली होती ती रिकामे वाडगे न्यायला. क्योटोतल्या त्या खेळांच्या कंपनीत दुपारी उदोनचे, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचे वाडगे खालच्या तिच्या वडिलांच्या दुकानातून जायचे, आणि खाऊन झालं की माणसं वाडगे दाराबाहेर ठेवायची. आज बाहेर एकही वाडगा नव्हता. तिनं दार ढकललं, तर आतली सगळी डोकी एकदम तिच्याकडे वळली.

"मुली, कधी व्हिडिओ गेम खेळलीयस?" टकलू कुवाता साहेबांनी विचारलं.

"नाही हो. मी आपली वाडगे न्यायला—"

"झकास! बस इथं."

नाही म्हणायची सोयच ठेवली नाही त्यांनी. टीव्हीवर छत्री घेतलेला हिरवा बेडूक उभा होता. तिच्या हातात कंट्रोलर आला, आणि खुर्चीमागे विस्कटलेल्या केसांचा एक उंच तरुण येऊन उभा राहिला, हात पाठीशी बांधून.

"हा हिरोसे. खेळाचा पहिला टप्पा यानंच रचलाय," साहेब म्हणाले. "आमच्याकडे नियम आहे. कधी न खेळलेल्या माणसाला बसवायचं, आणि रचणाऱ्यानं मागं उभं राहून ब्रसुद्धा काढायचा नाही. लोकांच्या घरी जाऊन हा थोडाच शिकवत बसणार आहे? तुला तीन बेडूक मिळतील. तेवढ्यात झेंड्यापर्यंत पोचलीस, तर टप्पा पास. नाहीतर टप्पा कचऱ्यात आणि हिरोसे साप्पोरोला, विक्री विभागात."

चिझुरुनं मागे वळून पाहिलं. हिरोसेनं नुसती मान झुकवली. कान मात्र लालबुंद झाले होते.

"हिरोसे... म्हणजे रोज कांद्याची पात जास्त मागणारे ते तुम्हीच?"

त्यानं मुकाट्यानं मान हलवली. का कोण जाणे, पण साप्पोरो फारच लांब आहे असं तिला वाटून गेलं.

खेळ सुरू झाला आणि चिझुरु निघाली... डावीकडे. तिचं तरी काय चुकलं? जन्मभर उभ्या ओळींची जपानी पुस्तकं वाचताना तिची नजर उजवीकडून डावीकडेच सरकत आली होती. बेडूक भिंतीला जाऊन धडकला. तिनं पुन्हा धडकवला.

"संपला वाटतं खेळ?"

मागे कुणीतरी कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला.

"निदान एखादं झाड तरी लावायचं हो इथं! माणूस एवढा चालत येतो!" असं म्हणत तिनं बेडूक वळवला, तेव्हा कुठे सगळ्या खोलीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिल्या खड्ड्यापाशी तिनं कंट्रोलरसकट स्वतःच उडी मारली. ती खुर्चीतून अर्धी उठली, बेडूक मात्र सरळ खाली गेला. दुसऱ्या खेपेला खड्ड्याच्या काठाशी आली, आणि मागे हिरोसेचा श्वास थांबल्याचं तिला जाणवलं. अगदी त्याच क्षणी तिनं बटण दाबलं, भीतीनं दाबूनच धरलं, तर बेडकाची छत्री उघडली आणि तो तरंगत पलीकडे उतरला!

पुढे साप आला. पुन्हा मागे श्वास थांबला. टुणकन उडी! अस्सं... माणूस मुका, पण श्वास भलताच बोलका! तिला हसू आवरेना, आणि त्या हसण्यापायी दुसरा बेडूकही गेला.

आता एकच उरला. ती सावरून बसली, खड्डा ओलांडला, साप ओलांडला आणि अंधाऱ्या गुहेत शिरली. तिथे शेवटचा खड्डा होता, चांगलाच रुंद. ती काठाशी थांबून कान टवकारू लागली... मागचा श्वास संथ चालला होता. असं कसं? तेवढ्यात पडद्याच्या काळ्या काचेत तिला त्याचा चेहरा दिसला. तो बेडकाकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

आता कुणाची मदत नव्हती. मघाशी छत्री कशी उघडली होती? बटण दाबून धरलं होतं! तिनं ते दाबलं, घट्ट धरून ठेवलं. बेडूक तरंगत, तरंगत गेला... आणि झेंड्यापाशी टेकला.

"पास!" साहेब ओरडले. तिला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

वाडग्यांची पेटी उचलून हिरोसे जिन्यापर्यंत आला.

"आभारी आहे."

"अय्या, बोलता येतं की तुम्हाला! एक सांगू? रागावू नका हं. मी तुमचा श्वास ऐकून उड्या मारत होते."

त्यानं पेटी खाली ठेवली. चेहरा पार उतरला. "मग... मग मला साहेबांना सांगायला हवं. टप्पा नापास झाला."

"अहो थांबा की, हरिश्चंद्र! छत्री माझी मलाच सापडली. आणि शेवटची उडी माझ्या बळावर मारली मी. तेव्हा कुठे थांबला होता तुमचा श्वास?"

"शक्यच नाही. तोच तर सगळ्यात अवघड खड्डा—"

"बेडकाकडे बघत असता, तर थांबला असता ना! काचेत सगळं दिसतं म्हटलं."

हिरोसेचे कान पुन्हा लालबुंद झाले.

"नियम संपलाय आता," ती हळूच म्हणाली. "बोला की."

"मला... कांद्याची पात अजिबात आवडत नाही."

"काय?"

"जास्तीची पात वेगळ्या वाटीत असते. ती तुम्ही रोज खाली विसरता, आणि मग दारात कुणाच्या तरी हाती द्यायला परत वर येता." त्यानं एक मोठ्ठा श्वास घेतला. "तुम्ही दोनदा दिसाव्यात म्हणून मागतो."

चिझुरुनं पेटी उचलली, पुन्हा ठेवली आणि पुन्हा उचलली. "उद्यापासून पात नाही घालणार," ती कशीबशी म्हणाली. "दोनदा मी तशीही येईन."

हिवाळ्यात खेळ बाजारात आला. दुकान बंद झाल्यावर वडिलांच्या जुन्या टीव्हीसमोर चिझुरु बसली. शेजारी हिरोसे बिनपातीचे उदोन ओरपत होता. तिनं मुद्दामच बेडूक डावीकडे नेला. भिंतीपाशी आता निळ्या पडद्याचं एक चिमुकलं उदोनचं दुकान होतं. बेडकानं छत्री मिटली आणि तो बाकावर बसला.

"इथं काय मिळतं?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. नुसतं बसायचं. कुणाला सापडणारही नाही, सगळे उजवीकडेच जातात."

पुढचे सगळे टप्पे उजवीकडे वाट बघत होते. चिझुरुनं कंट्रोलर खाली ठेवला, त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि बेडकाला तिथंच बसू दिलं.