सेतुमाधवरावांच्या खणातला जबडा

या मंडळी, थोडं पुढं सरकून बसा. पायरीवर उभ्या असलेल्यांनीही आत यावं, सतरंजी मोठी आहे. आज पुराणातली नव्हे, मद्रासेतली कथा सांगतो. एका सरळ बाईला चारचौघांनी चोर ठरवलं, आणि तिच्या बाजूनं बोलायला एका हाडाखेरीज कुणी नव्हतं. हाड बोललं कसं, ते ऐका.

साल एकोणीसशे एकोणसाठ. नुंगंबाक्कमला एका शिंप्याच्या दुकानावर हंबीररावांची कचेरी होती. तंजावरकडचं मराठा घराणं. वरिष्ठांशी पटलं नाही म्हणून पोलिसातली नोकरी सोडली आणि खाजगी तपासाची पाटी लावली. पानाचा डबा मात्र सुटला नाही. शेजारच्या विमा कचेरीतला कारकून राघोत्तम दुपारच्या सुट्टीत त्यांच्याकडे येऊन बसे. राघोत्तम माध्व घरातला, सोवळंओवळं पाळणारा, मनाचा निर्मळ. त्याला सगळं कळे, पण सगळ्यांच्या नंतर.

शुक्रवारी दुपारी तुळजाबाई जिना चढून आल्या. वय चाळिशीचं, उन्हानं रापलेला चेहरा. खुर्ची पुढं केली तरी बसल्या नाहीत.

"तुम्ही चोऱ्या शोधता, की नुसते लोकांचे पळालेले नवरे?"

"नवरे बहुधा आपण होऊन परत येतात," हंबीरराव म्हणाले. "बसा, अम्मा."

त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. मैलापूरच्या तळ्याजवळ एका माडीवर हौशी लोकांचं अश्मशोधक मंडळ होतं. सुट्टी लागली की ही मंडळी फावडी-पिशव्या घेऊन निघत, दगड झालेले शंख, पानं, हाडं गोळा करत आणि विद्यापीठाला कळवत. मे महिन्यात मंडळ अरियलूरला गेलं. तिथल्या एका कोरड्या ओढ्यात तुळजाबाईंना वीतभर लांबीचा जबडा सापडला. एक दात जागेवर, कुठल्याशा प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याचा. मद्रासेत आल्यावर आठवडाभर सुईनं माती काढून त्यांनी तो मंडळात दाखवला, कापसात गुंडाळून आपल्या डब्यात, मंडळाच्या कपाटात ठेवला आणि विद्यापीठाला पत्र घातलं. तिथले प्राध्यापक रविवारी चार वाजता पाहायला येणार होते.

बुधवारी डबा रिकामा निघाला. गुरुवारी जबडा सापडला, तो त्याच कपाटातल्या दिवंगत संस्थापक सेतुमाधवरावांच्या खणात. वर त्यांच्याच हातची चिठ्ठी चिकटवलेली: अरियलूर, १९३८.

"आता सगळे म्हणतात, मी म्हाताऱ्याच्या खणातून तो उचलला, माझा म्हणून मिरवला आणि प्राध्यापक येणार म्हटल्यावर घाबरून परत ठेवला. खणाची नोंदवही वाळवीनं खाल्लेली. रविवारी तीनपर्यंत मी माफी लिहून द्यायची, नाहीतर शाळेला पत्र जाणार. चोर बाईला मुली कोण सोपवील?"

"माफी लिहिणार?"

"हात तोडून देईन."

हंबीररावांनी पान जुळवलं. "ओढ्यात तो दगड नाही, हाड आहे, हे कशावरून ओळखलंत?"

बाई पहिल्यांदाच घुटमळल्या. मग खाली पाहत म्हणाल्या, "जीभ लावली. जुनं हाड सच्छिद्र असतं, जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही. मोडक्या टोकाला लावली होती. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. शाळेत कळलं तर पोरी जन्मभर चिडवतील, आणि आमच्या मंडळात सोवळेवाले फार."

तेव्हा जवळपास कुणी होतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की सहलीला तिघंच होती. मानाजी मैलभर दूर चुन्याच्या खाणीत होता. अध्यक्ष जयतीर्थांचा पाय सुजला म्हणून ते स्टेशनवरच बसून होते. बांधावर लांब एक छत्री दिसली होती, पण उन्हात छत्री कोण घेत नाही?

शनिवारी सकाळी राघोत्तम मैलापूरला उशिरा आला. भाच्यानं नैवेद्याची पळी चाटली होती. आईनं ती हळदीच्या पाण्यानं शुद्ध करेपर्यंत घरात कुणाला घास मिळाला नव्हता. हंबीरराव हसले आणि माडी चढले.

जबडा मेजावर होता. मोडक्या टोकाच्या छिद्रांत पिवळी रेघ होती आणि तिथूनच एक ताजी चीर गेली होती. राघोत्तमानं ओढ्याची पिवळी माती म्हणून मान डोलावली. हंबीररावांनी पानाचा डबा काढला, बोटावर चुना घेतला आणि खिडकीशी उभे राहून बराच वेळ जबडा न्याहाळला. वळले तेव्हा त्यांचं बोट लालसर झालं होतं. कामाच्या वेळीही यांचं पान सुटत नाही, असं मनात म्हणत राघोत्तमानं तोंड फिरवलं.

खणात आणखी अकरा हाडं होती, करडी, कोरडी. चारांच्या चिठ्ठ्यांवर 'मानाजीनं आणून दिलं' असं होतं. अकरांत पिवळं कुठंच नव्हतं. खणातल्याच एका शंखावर मात्र चिठ्ठीएवढी गोंदाची जागा उघडी पडली होती.

"चिठ्ठी इथून सोलली," राघोत्तम म्हणाला.

"शाबास. आता कुणी, ते पाहू."

कपाटाच्या किल्ल्या तुळजाबाईंखेरीज आणखी तिघांकडे होत्या. पहिली आली चिटणीस वसंता, बँकेतली टंकलेखक, माध्व घरातलीच. बोलताना तिनं तंबलर, म्हणजे कॉफीचा पेला, उंच धरून ओठ न लावता कॉफी प्यायली. तुळजाक्का तिच्या पत्रांतल्या चुका सर्वांसमोर काढत, त्याचा राग तिनं लपवला नाही. अरियलूरच्या सहलीला ती नव्हतीच. तो आठवडा बहिणीच्या लग्नासाठी कुंभकोणमला होती, हवं तर लग्नपत्रिका आणते म्हणाली. हाड आणि दगड ओळखायचे कसे, असं विचारल्यावर तिनं खांदे उडवले. "रंगावरून असेल. मी पत्रं लिहिते, दगड चिवडत नाही."

मग मानाजी आला. तिरुवल्लिक्केणीत त्याचा फोटोचा स्टुडिओ होता. वीस वर्षं ऊन खाऊन त्याला शंख आणि बारक्या हाडांपलीकडे काही मिळालं नव्हतं.

"ती बाई इथून गेली तर कपालीश्वराला एकशे आठ नारळ फोडीन," तो म्हणाला. "एका वर्षात जबडा. आम्ही काय गवत उपटत होतो?"

"म्हणजे जबडा तिनंच शोधला, असं तुम्हाला वाटतं?"

मानाजी चपापला. मग त्यानं खणातलं एक हाड उचललं, सहज जिभेला लावलं आणि खाली ठेवलं. "कुणी शोधला ठाऊक नाही. पण ज्यानं त्याला पाणी लावलं तो गाढव आहे. ही चीर पाहा. असलं हाड भिजलं की फुटतं. मी घेतला असता तर निदान सांभाळला असता."

शेवटी जयतीर्थ आले. निवृत्त मुख्याध्यापक, दंडांवर गोपीचंदनाच्या मुद्रा, हातात स्वतःच्या पाण्याचा तांब्या. सेतुमाधवराव त्यांचे गुरू. खणाला हात लावण्याआधी त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला. सोवळ्यातल्या माणसाला हाडांचा विटाळ कसा नाही, असं राघोत्तमानं भीतभीत विचारलं.

"लाखो वर्षांत त्याचा दगड झाला. दगडाला विटाळ नाही. कुणाच्याही हातचा मी घेतो." मग ते हंबीररावांकडे वळले. "पाय सुजला होता. दिवसभर स्टेशनवर बसलो. तो ओढा त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला नाही. त्या बाईला सांगा, माफी लिहून मोकळी हो. चोरावर दया करायची ती एकदाच."

परतताना राघोत्तमानं निकाल देऊन टाकला: मानाजी. द्वेष त्याचा उघड, किल्ली त्याच्याकडे, जबड्याची पारखही त्यालाच.

"पारख आहे, म्हणूनच तो नव्हे," हंबीरराव म्हणाले.

रविवारी तीन वाजता माडीवर सगळे जमले. मेजावर कोरा कागद आणि दौत मांडून ठेवली होती. तुळजाबाई आल्या तेव्हा वसंतानं खुर्ची ओढून घेतली, मानाजी खिडकीबाहेर थुंकला. राघोत्तमाला वाटलं, वर्गातल्या पोरीही इतक्या दुष्ट नसतात.

"लिहा," जयतीर्थ म्हणाले.

"आधी मी थोडं सांगतो," हंबीरराव उठले. "चिठ्ठी या शंखावरून सोललेली आहे. गोंदाची जागा आणि चिठ्ठीची कड जुळते. म्हणजे जबडा अडतीस सालापासून खणात नव्हता, कुणीतरी तो तिथं ठेवला. कोणी? जबड्याच्या मोडक्या टोकाला पिवळं आहे. राघोत्तम त्याला माती समजला. मी त्याला चुना लावला, तर ते लाल झालं. घरी कुंकू कसं करतात, सर्वांना ठाऊक आहे."

"हळद," राघोत्तम पुटपुटला. कालची पळी त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

"बोल, राघोत्तमा. हळदीचं पाणी कशासाठी घालतात?"

"उष्टं शुद्ध करायला."

"खणातल्या बाकी अकरांना हळद नाही. मानाजीनं आणलेल्यांनाही नाही. म्हणजे कुणाचा हात लागला म्हणून ही शुद्धी नव्हे. एकट्या या जबड्याला, आणि तेही एकाच टोकाला. का? तर तुळजाबाईंनी ओढ्यात नेमकी त्याच टोकाला जीभ लावली होती. त्यांनी हे परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यानं पाणी घातलं, त्यानं ते पाहिलं होतं."

वसंता तुळजाबाईंकडे डोळे विस्फारून पाहत राहिली.

"वसंताबाई सोवळ्याच्या, पण कुंभकोणमला होत्या. मानाजी अरियलूरला होता, पण तो स्वतः जीभ लावतो. त्याला उष्ट्याचं काय? आणि हाड भिजवण्याइतका तो अडाणीही नाही. सहलीला असलेला आणि उष्टं मानणारा माणूस एकच." हंबीरराव जयतीर्थांपुढं थांबले. "खोटी चिठ्ठी तुम्हाला चालली, बाईची अब्रू गेलेली चालली. पण गुरूंच्या खणात उष्टं ठेवणं चाललं नाही. मी चुकत असेन तर या खणावर हात ठेवा आणि म्हणा, मी ओढ्यावर गेलो नव्हतो."

जयतीर्थांचा हात उठला, खणापर्यंत गेला आणि अधांतरी राहिला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"पाय दुखत होता, तरी छत्री घेऊन बांधापर्यंत गेलो," ते म्हणाले. "गुरूंचा ओढा एकदा पाहावा म्हणून. सात उन्हाळे ते त्या ओढ्यात चालले. तापानं गेले. कुठल्या कागदावर त्यांचं नाव नाही. आणि ही काल आलेली बाई वाकते काय, जीभ लावते काय, आणि नाव तिचं?" आवाज चिरका झाला. "मला पश्चात्ताप नाही. झाला असता तर बरं वाटलं असतं."

"स्वामी," मानाजी म्हणाला, "निदान भिजवायचं तरी नव्हतं."

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. तुळजाबाईंनी माफीचा कोरा कागद उचलला आणि वसंतापुढं ठेवला.

"लिही. शोध, तुळजाबाई, अरियलूर, मे एकोणसाठ." वसंतानं मुकाट लिहिलं. "खाली लिही. हा ओढा सात उन्हाळे पायांनी धुंडाळला, सेतुमाधवराव."

जयतीर्थांनी मान वर केली. डोळे भरले होते.

"तुमच्यासाठी नाही," तुळजाबाई म्हणाल्या. "ते खरं आहे म्हणून. तुमचं नाव या कागदावर कुठंही येणार नाही. उद्यापासून या माडीवर एकतर तुम्ही याल, नाहीतर मी येईन."

जयतीर्थांनी तांब्या उचलला आणि भिंतीला धरून ते जिना उतरू लागले. वर चढणाऱ्या प्राध्यापकांना त्यांनी बाजू दिली, पण ओळख दाखवली नाही.

हंबीररावांनी पुढं कितीतरी प्रकरणं सोडवली, त्यांचं नाव झालं. ते तुम्ही विसरलात तरी चालेल. मंडळी, माझं मागणं एवढंच: अशा एखाद्या हाडापुढं कधी उभे राहिलात, तर वैशाखाच्या उन्हात कोरड्या ओढ्यात गुडघे टेकून बसलेल्या तुळजाबाईंची आठवण ठेवा.