काही न मागणारी बाग

धुकं समुद्राकडून आलं होतं आणि अंगणात ठाण मांडून बसलं होतं. झोराइदानं दार ढकललं, मोजायची फीत काढायला पिशवीत हात घातला... आणि तेवढ्यात शिट्टी ऐकू आली.

लांब, बारीक, एकाच सुरातली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर घालावी तशी.

तिनं मान वळवली. अंगणाच्या टोकाला, जुन्या सान पेद्रो निवडुंगाच्या शेजारी, एक माणूस उभा होता. पांढरा. बुटांपासून केसांपर्यंत पांढरा.

त्रुहियोत वाढलेल्या पोराला चालता येण्याआधी हे ठाऊक होतं, की अंगणातला सान पेद्रो निवडुंग घर राखतो. परकं माणूस आत आलं की शिट्टी घालतो, आणि फारच मनात आलं तर पांढरे कपडे करून स्वतःच उभा राहतो. झोराइदालाही ते ठाऊक होतं. पण ऐकलेलं समोर उभं राहिलं, की खात्री करून घ्यावीशी वाटतेच.

"माणूस आहात... की झाड?" तिच्या तोंडून निघून गेलं.

पांढरा माणूस विचारात पडला. "रात्रभर पीठ मळल्यावर माझं मलाच सांगता येत नाही हो." त्यानं डोकं झटकलं, तसा पिठाचा एक छोटा ढग धुक्यात मिसळला. खालून काळे केस निघाले, आणि केसांखाली हसरे, झोपाळलेले डोळे. "रेनान. मारित्साचा धाकटा भाऊ. कोपऱ्यावरच्या बेकरीत असतो आणि इथं माडीवर झोपतो. तुम्ही बागवाल्या ना?"

"झोराइदा. आणि शिट्टी कशाला मारलीत? जीव गेला असता माझा."

त्याचं हसू ओठांवर तसंच थांबलं.

"मी?" तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही."

दोघांनीही मग एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघांनीही निवडुंगाकडे पाहिलं. तो आपल्या हिरव्या खांबांचा जुडगा घेऊन उभा होता. धुक्याचं पाणी त्याच्या अंगावरून ओघळत होतं, आणि कुठल्या पानाची म्हणून सळसळ नव्हती. त्याला पानं नव्हतीच.

*

मारित्सा दवाखान्यात परिचारिका होती. दुपारी ती गणवेशातच स्वयंपाकघरात उभी राहून गार भात खात होती आणि खाता खाता बोलत होती.

"हे बघ पोरी, मला सुंदर बाग नको. मला गप्प बाग हवी. दिवसभर बेल वाजते, ह्याला पाणी दे, त्याला सुई दे. घरी आल्यावर मला कुणी काही मागायचं नाही. झाडानंसुद्धा!"

"नाही मागणार," झोराइदा म्हणाली.

हे तिचं कामच होतं. नवरा-बायको दोघंही घराबाहेर असतात अशा घरांना ती बागा करून द्यायची. न मागणाऱ्या, न रुसणाऱ्या, कुणी पाहो न पाहो आपलं आपण जगणाऱ्या. काम झालं की हात झटकायचे आणि पुढच्या गावाची बस धरायची. मागं वळून पाहायची तिला सवय नव्हती. तिच्या बागांनाही तशीच शिकवण होती. आताही रविवारची पिउराची बस ठरलेली होती.

"आणि तो खांब शनिवारी मुळासकट काढ," मारित्सा म्हणाली. "मी असलं काही मानत नाही हं, दवाखान्यातली बाई मी. पण तो मला शिट्टी घालतो! मला, माझ्या घरात! ड्यूटीवरून आले, दार उघडलं... की फुईईट! लुआना, माझी पोर, अंगणात पाऊल टाकत नाही. नवरा माझा, उगो, ट्रकवरून येतो तर त्यालाही तेच. म्हणतो, सगळीकडे सिमेंट ओत, नाहीतर घर विकून टाक."

"रेनानला घालत नाही?"

"त्याला?" मारित्सानं चमचा खाली ठेवला. "नाही. का कुणास ठाऊक, त्या मेल्याला कधीच नाही."

*

सोमवारी तिनं खारट वाळू उपसली आणि त्या जागी चांगली माती भरली. झिलई नसलेले मातीचे घट गळ्यापर्यंत जमिनीत पुरले. एकदा भरले की हळूहळू, कुणाला कळू न देता, मुळांना पाणी पाजत राहणारे. भोवती कोरफड, घाणेरी, गवती चहा. भिंतीला बोगनवेल. वरून जाड खडी, म्हणजे तण उगवायची बिशाद नाही.

झोप झाली की रेनान खाली उतरायचा. कधी गरम सेमिता घेऊन. हातात धरली तर बोटं भाजावीत आणि तोंडात धरली तर बडीशेपेचा वास यावा, असा तो पाव. आज मोठ्या वाटीत शांबार, गहू-कडधान्यांचं दाट सूप, घेऊन आला होता.

"सोमवारी शांबार न पिता काम करतात का कुणी त्रुहियोत? शेजारी काय म्हणतील?"

"शेजाऱ्यांना सांगा, मी परकी आहे."

"ते त्याला कळलंय," रेनान निवडुंगाकडे हनुवटी करून म्हणाला. "सकाळी वाजवली ना तुमच्यावर? मला माडीवर ऐकू आली. तुम्ही आलात हे आता मला घड्याळ न बघता कळतं."

ती हसली. मग हसणं आवरून खडी पसरत राहिली. तो वाटी धरून बसला होता, आणि त्याची नजर आपल्या हातांवर आहे, हे तिच्या हातांना कळत होतं.

"ह्या बागेत मी काय करायचं?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही. तीच तर खुबी आहे."

"पाणी?"

"महिन्यातून एकदा घट भरायचे. बस."

"आणि काही बिघडलं, तर तुम्हाला बोलवायचं?"

"बिघडतच नाही."

रेनाननं सुस्कारा सोडला. "फार वाईट बाग करता हो तुम्ही."

*

गुरुवारी धुकं इतकं दाट होतं की तिला स्वतःची कुदळ दिसत नव्हती. दारात पाऊल टाकलं तशी शिट्टी आली. आता ती दचकत नव्हती, फक्त मानेवरची लव उभी राहायची. गुडघ्यांवर बसून ती गवती चहाचा ठोंब लावत होती, तोच जाणवलं... मागं कुणीतरी आहे.

तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पांढरा सदरा. पांढरे केस.

"आज लवकर सुटलात?" ती वळली नाही. वळून बोलायला धीर झाला नसता. "बरं झालं आलात. काल रात्री माझी एक पंचाईत झाली. पिशवी भरत होते पिउराची, आणि मनात आलं... तिकडे अशी सेमिता मिळायची नाही." तिनं मातीत बोटं रुतवली. "मग म्हटलं, बाई, खोटं कशाला बोलतेस? सेमिताची नाही आठवण येणार... तुमची येणार. माझ्यासारखीनं हे बोलायचं नसतं. मी जाणारी माणूस. पण जावंसं वाटत नाहीये मला... आता तुम्हीही काहीतरी बोला."

मागं कुणी बोललं नाही. धुकं थेंब थेंब गळत होतं. मग श्वास घेतल्यासारखं काहीतरी झालं, लांब आणि थंड. तिच्या मानेवर ओल्या मातीचा वास आला. पिठाचा नाही. मातीचा.

आणि रस्त्याकडचं दार करकरलं.

"झोराइदा?" रेनान आत आला. निळा स्वेटर, अंघोळ करून विंचरलेले केस, हातात पावाची पिशवी. "आज सुट्टी होती मला. म्हटलं, तरी पाव... अहो, काय झालं? चेहरा काय झालाय तुमचा!"

ती सावकाश वळली. मागं फक्त निवडुंग होता. काल होता त्याच जागी.

त्यानं तिला उचलून दगडी पायरीवर बसवलं, अंगावर स्वेटर घातला. तिनं सांगितलं. कुणी दिसलं ते सांगितलं. आपण काय बोललो ते मात्र सांगितलं नाही.

"तुम्हाला का नाही शिट्टी घालत तो?" तिनं विचारलं.

"मला ओळखतो ना. आम्ही घ्यायच्या आधी हे घर ज्यांचं होतं, त्या म्हाताऱ्या अरिस्तिदेसना मी रोज पाव आणून द्यायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला याच्यासमोर उभं केलं, बुंध्याशी थोडी चिचा, आपली मक्याची दारू, ओतली आणि म्हणाले, हा रेनान, पाववाला, याला येऊ दे. तशीच रीत आहे. घरात येणाऱ्याचं नाव सांगायचं, आणि तो घराचा कोण लागतो ते सांगायचं."

"आणि मारित्साचं नाव कुणी सांगितलं? उगोचं? लुआनाचं?"

रेनाननं डोकं खाजवलं.

"ताईनं सांगितलं असेल..." तो म्हणाला. "तीच मोठी."

संध्याकाळी मारित्सा गणवेशाची बटणं सोडत आली, आणि तिचा सूर भलताच चढला. "मी? अरे, तुझी ओळख होती त्याच्याशी! मला वाटलं तू सांगितलंस!"

"मला वाटलं तू!"

"मी कधी सांगणार? फ्रिज लावायचा होता, गॅस जोडायचा होता, पोरीची शाळा बघायची होती, तीन रात्रपाळ्या होत्या..." ती मध्येच थांबली. धपकन खुर्चीत बसली. "अरे देवा. म्हणजे आम्ही इतके महिने त्याच्या दृष्टीनं चोर."

झोराइदा हसू दाबत म्हणाली, "त्याची चूक नाही. तो कामावर होता."

*

शनिवारी कुदळ भिंतीला टेकून राहिली. मावळतीला मारित्सानं भोपळ्याच्या वाटीत मक्याची चिचा आणली. उगो ट्रकवरून आलेला, दाढी वाढलेला, टोपी हातात धरून उभा होता. लुआना आईच्या झग्याआडून एकच डोळा बाहेर काढून पाहत होती. धुकं भिंतीवरून वाकून बघत असल्यासारखं उतरत होतं.

रेनाननं बुंध्याशी चिचेची धार धरली आणि हलक्या, लयीत बोलू लागला, म्हाताऱ्यानं बोलावं तसं:

"राखणदारा, राखणदारा, ओळख धर गा,
नाव सांगतो ज्याचं, त्याला आपला कर गा...

ही मारित्सा, माझी बहीण. हे घर हिचं."

सगळे कान देऊन उभे राहिले. काही नाही.

"हा उगो. हिचा नवरा. दूर जातो, पण परत येतो."

काही नाही. उगोनं टोपीनं कपाळ पुसलं.

"ही लुआना. घरातली सगळ्यात धाकटी."

एक थेंब टपकला. लुआनाचा दुसरा डोळाही बाहेर आला.

रेनान झोराइदाकडे वळला. त्याचा आवाज जरा खाली गेला. "आणि ही झोराइदा. बाग करायला आली. उद्या जाणार."

शिट्टी आली.

इतक्या जवळून, की तिच्या कानाच्या पाळीला गार वारा लागला. लुआना किंचाळून आईच्या मांडीला बिलगली.

"अरे, नीट सांग ना!" मारित्सा कुजबुजली.

"नीटच सांगितलं! खरं तेच तर..." रेनान गोंधळून झोराइदाकडे पाहू लागला. "मी खोटं बोललो का काही?"

झोराइदाचे गाल तापले होते. पाय म्हणत होते, चल. हे पाय फार गावं सोडून आले होते, त्यांना वाट माहीत होती. पण समोरचा तो हिरवा, मुका पहारेकरी तिचं दार अडवून उभा होता, आणि आता तिला कळलं होतं की तो बाहेर जायचं दार अडवतोय.

"तू नाही," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तू'. "मी त्याला वेगळं सांगितलंय. गुरुवारी. मला वाटलं होतं तूच आहेस मागं... म्हणून."

"काय सांगितलंस?"

"की तुझी आठवण येणार. की मला जावंसं वाटत नाही." आणि मग एका दमात, रागावल्यासारखी, "आता बोल काहीतरी! त्यानं तर नुसता श्वास टाकला."

मारित्सानं उगोच्या दंडाला चिमटा काढला. उगोला कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली.

रेनाननं वाटीत उरलेली चिचा ओतली. "राखणदारा," तो म्हणाला, "मघाशी चुकलं. ही झोराइदा. ही जाईल, कारण तिकडे तिचं काम आहे. पण हिची वाट बघणारं माणूस या घरात आहे. म्हणून ही या घरची."

धुकं थांबलं. दूर बेकरीचं शटर वर गेलं, एक कुत्रं भुंकून गप्प झालं.

आणि शिट्टी आली नाही.

*

रविवारी बस सुटण्याआधी ती एक छोटी कुंडी घेऊन आली. तीत हंसराज होता; केसांसारख्या काळ्या देठांचा, हिरव्या झिरमिळ्यांचा. फुंकर घातली तरी शहारेल असा.

"हे काय?" मारित्सा ओरडली. "ह्याला तर रोज पाणी लागतं! एक दिवस चुकलं तर वाळून कोळ! आपलं काय ठरलं होतं?"

"हे तुमच्यासाठी नाही," झोराइदा म्हणाली, आणि कुंडी रेनानच्या हातात दिली. "पिउराचं काम संपेस्तोवर सांभाळ. रोज. मी परत आल्यावर बघेन."

"म्हणजे ही बाग बिघडू शकते?" त्याचे डोळे चमकले.

"एवढीच. मुद्दाम."

पिउरात ऊन होतं, धूळ होती, आणि संध्याकाळी फोन होता. हंसराजाला नवं पान आलं. आणखी एक आलं. लुआना आता निवडुंगाला शाळेतल्या गोष्टी सांगते. मारित्सा ड्यूटीवरून येऊन खडीवर अनवाणी बसते, आणि कुणी तिला काही मागत नाही.

मग सांता रोसाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी रेनानचा आवाज वेगळा आला.

"झोराइदा, रागावू नकोस. काल बेकरीत इतकी गर्दी, मला घरी येताच आलं नाही. पाणी राहिलं."

"वाळला?"

"नाही... तेच तर सांगतोय. आज धावत आलो, तर माती ओली. पानांवर थेंब. ताई कामावर होती, उगो घाटात, लुआना तिच्या आत्याकडे. मी सगळ्यांना विचारलं."

फोनमध्ये नुसती लांबवरच्या समुद्रासारखी खरखर होती. झोराइदाच्या मानेवरची लव उभी राहिली, आणि तिला आश्चर्य वाटलं, की या वेळी ती भीतीनं नव्हती.

"त्याला सांग," ती हळूच म्हणाली, "की मी येत्या रविवारी घरी येतेय."

"सांगतो."

"आणि रेनान... पुन्हा चुकू नकोस हं. नाहीतर आल्यावर कुणाशी संसार करायचा, याचा मला नव्यानं विचार करावा लागेल."