सहाव्या पक्ष्याचे पाय

हे खरं आहे. दादा लिहू नको म्हणाला होता, तरी लिहितेय. कारण मला तुमची मदत हवी आहे.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन होतं, अंधारबिंधार काही नव्हता.

मी आणि माझा मोठा भाऊ फ्रेमचं दुकान चालवतो. दादा कापतो, मी काच बसवते. त्या दुपारी एका हॉटेलचा मॅनेजर सहा चित्रं घेऊन आला. समुद्रपक्ष्यांची. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, दोनशे वर्षांपूर्वीची. एकेक पीस बारीक रेघांनी काढलेलं. प्रत्येक पक्षी खडकावर उभा आणि पायांखाली त्याचं नाव.

त्याला संध्याकाळपर्यंत हवी होती. आमच्याकडच्या तयार फ्रेम दोन बोटं लहान पडत होत्या.

आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. जुन्या चित्राला पातं लावायचं नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. मला हे दादानेच शिकवलं होतं.

त्याच दादाने मोजपट्टी ठेवली आणि सहाही चित्रं खालून कापली.

मी चिडले. तो हसला.

"भिंतीवर टांगायचेत गं, चालायला थोडेच लावायचेत? पाय कोण बघतंय?"

टेबलावर सहा पट्ट्या पडल्या. खडक, नाव, आणि बोटांमध्ये कातडीचे पडदे असलेले पाय...

दुसऱ्या दिवशी दादा दुकानाच्या पायरीवर अडखळला. म्हणाला, पायाखाली काही लागतच नाही. मी थट्टा केली, हवेत चालतोयस का म्हणून. डॉक्टरांनी सुई टोचली तर त्याला कळत होतं. नसा ठणठणीत होत्या.

फक्त जमीन कळत नव्हती.

शुक्रवारी मॅनेजरने सहाही फ्रेम परत पाठवल्या. काचा खराब आहेत म्हणे. मी फडकं घेतलं, खसाखसा पुसलं. डाग जाईनात.

ते आतून होते... तेलकट फराटे. पंख घासल्यासारखे.

मग माझं लक्ष पक्ष्यांकडे गेलं.

सहाही पक्षी वर सरकले होते... फ्रेमच्या वरच्या कडेला डोकी टेकलेली. खाली वीतभर कोरा कागद.

ते उतरू शकत नव्हते.

मी दादाला काही सांगितलं नाही. मुकाट्याने रद्दीची पेटी उपसली. पट्ट्या सापडल्या. खळ लावून एकेक पट्टी मागून चिकटवली. जोड नीट बसवले.

सकाळी दुकान उघडलं. पाच पक्षी आपापल्या खडकावर उतरले होते.

पाचच. कारण पट्ट्याही पाचच सापडल्या होत्या.

सहावी कुठे गेली, ते मला माहीत होतं. काच सैल बसली की आम्ही मागे, कोपऱ्यात, कागदाची घडी सारतो. त्या आठवड्यात एका फ्रेममध्ये मी हाताला लागली ती पट्टी दुमडून सारली होती. मी. दादाने नाही.

कोणत्या फ्रेममध्ये, ते आठवत नाही.

त्या आठवड्यात चौदा फ्रेम गिऱ्हाइकांकडे गेल्या होत्या. त्यातल्या अकरा घरी जाऊन मी मागचे पुठ्ठे उचकटले. लोकांना वाटलं, बाई कामातून गेली. तिघांचा पत्ताच नाही. शेवटी दादाला आणि वहिनीला सगळं सांगितलं. तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

सहावा पक्षी अजून दुकानात आहे. चित्रात त्याचं तोंड डावीकडे होतं. आता ते समोर आहे. फ्रेम भिंतीकडे फिरवून ठेवली तर सकाळी ती वळलेली असते...

दादाच्या खुर्चीकडे.

काल दुपारी दादा हट्टाने दुकानात आला. टेबलापासून दारापर्यंत चालून दाखवलं. "बघ, जमतंय." मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

तो गेल्यावर मी झाडू घेतला. आमच्या फरशीवर सतत लाकडाचा भुसा पडलेला असतो. भुशात माझ्या चपलांचे ठसे होते.

दादाचा एकही नव्हता...

म्हणून हात जोडून सांगते. मागच्या वर्षभरात कुणाकडून फ्रेम करून घेतली असेल, तर मागचा पुठ्ठा काढा. कोपऱ्यात दुमडलेला जुना कागद सापडला, त्यावर पाय दिसले, तर फेकू नका. मला कळवा. लवकर कळवा.

आज सकाळी वहिनीने दादाच्या दोन्ही खिशांत लोखंडी वजनं घातली.

या वेळी तो हसला नाही.