बंबावरचा सहावा

अग्निशमन केंद्राची जुनी इमारत दगडी, तीन कमानींची. मागे पाण्याचे पाइप वाळत घालायचा उंच मनोरा. वरच्या मजल्यावर जवानांच्या खाटा, खाटांच्या मधोमध जमिनीला गोल भोक आणि त्या भोकातून थेट बंबापाशी उतरलेला पितळी दांडा. जिना होता, पण पार मागच्या कोपऱ्यात. घंटा झाल्यावर जिन्यानं कोण उतरतंय!

बंबवाल्या मामांनी तीस वर्षं इथला बंब चालवला. मागे वळून बघायचं नाही, ही त्यांची रीत. एकेक जवान मागच्या पायरीवर चढला की बंब स्प्रिंगांवर किंचित दबायचा. सहा वेळा दबला की मामा ‘चला’ म्हणत ब्रेक सोडायचे.

शेवटच्या आगीतून सहांपैकी एकही परतला नाही. केंद्र बंद पडलं. मामा राखणीला राहिले आणि वरच्या खाटा करकरतात, असं जो भेटेल त्याला सांगत सुटले.

आज सकाळी इंजिनीअरबाई भोक बुजवायला गवंडी घेऊन आल्या, तर मामा बंबात ठाण मांडून बसलेले.

“मामा, उतरा खाली.”

“पोरं वर आहेत. भोक बुजवल्यावर उतरतील कुठून?”

“जिना आहे की!”

“जिन्यानं? माझी पोरं? काय इज्जत ठेवाल का नाही!”

गवंडी फिसकन हसला. बाईंनी कपाळावर हात मारला. “बरं बाबा, बंबात दाटी झाली तर एकाला माझ्या गाडीतून सोडते. मग तर झालं?”

“बघा हं, बोललात.” मामांनी बंबाची घंटा दणादण बडवली.

वर खाट करकरली.

दांड्यावर कित्येक वर्षांची धूळ होती. त्या धुळीतून एक चकचकीत पट्टा वरून खाली उमटत आला.

बंब दबला. एक.

गवंड्याच्या हातातली थापी पडली.

दोन. तीन. चार. पाच.

मामा थांबले. मागे वळले नाहीत.

“स्प्रिंगा गंजल्यात,” बाई म्हणाल्या, “साहेबांनाच घेऊन येते. भोक आजच बुजणार!”

“खुशाल बुजवा. सगळे उतरल्यावर. अजून एक यायचाय.”

बाई तरातरा बाहेर गेल्या. एकट्याच गाडीत बसल्या, दार आपटलं.

मामा कमानीतून बघत होते. गाडीची मागची बाजू अलगद दबली.

“सहा,” मामा म्हणाले आणि त्यांनी ब्रेक सोडला. “चला.”