पाठराखण

कापूरहोळच्या फाट्यावर एसटीतून उतरताना फिजाची ओढणी दाराच्या पत्र्यात अडकली, आणि ती सोडवेपर्यंत ओढणीचा वीतभर तुकडा घेऊन गाडी साताऱ्याकडे निघूनही गेली. भोरच्या गाडीला अजून वेळ होता. आषाढातली रिपरिप चालू होती. चहाच्या टपरीच्या आडोशाला उभी राहून ती फाटक्या टोकाकडे बघत राहिली. नवी ओढणी होती हो, दुसऱ्यांदाच घेतलेली!

“जरा इकडं धरा. शिवून देतो.”

तिने वर पाहिलं. एक उंच, सडसडीत तरुण खिशातून तंबाखूची डबी काढत होता. डबी उघडली तर आत तंबाखू नव्हती… सुया होत्या, आणि नाना रंगांचे दोरे.

“सुई-दोरा खिशात घेऊन हिंडता?”

“शिंपी आहे. डॉक्टर नाही का गळ्यात नळी घालून हिंडत?”

“पण रंग जुळायला हवा ना.”

“मोरपंखी,” तो ओढणीकडे बघत म्हणाला. मग क्षणभर तिच्याकडे. “जुळतोय.”

ओढणीचं एक टोक तिच्या खांद्यावर, दुसरं त्याच्या हातात. बोटालाही बोट न लावता त्याने फाटलेली कड दुमडली आणि उभ्या उभ्या टाके घातले. शेवटी दोरा दाताने तोडताना त्याने नजर वर केली, आणि फिजाला उगाचच समोरच्या ट्रकची पाटी वाचायची घाई झाली.

तो मोहसीन. भोरच्या बाजारपेठेतल्या ‘जलील लेडीज टेलर’चा मुलगा. आणि ही फिजा, एसटी स्टँडच्या मागे कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी.

“म्हणजे गावाचे फोन तुम्हीच दुरुस्त करता तर,” तो म्हणाला.

“फोन बहुतेक चांगलेच असतात. माणसं दुरुस्त करते.”

तो इतका मोकळा हसला, की टपरीवाल्याने न मागताच चहाचे दोन कप पुढे केले.

त्यानंतर महिनाभरात फिजाचे तीन ड्रेस शिवून झाले. चौथ्याचं कापड घरात आलं तेव्हा तिची आई जमीला म्हणाली, “घरात लग्न कुणाचं आहे? मला सांगाल का कुणी?”

फिजा कापड घेऊन आत पळाली. सांगण्यासारखं अजून काही घडलंच नव्हतं. घडत होतं ते एवढंच…

“बाही सैल झालीय.”

“द्या, घट्ट करतो. परवा या.”

“आणि परवा घट्ट झाली तर?”

“मग सैल करू. तेरवा या.”

एवढ्यावर माणूस किती दिवस काढू शकतो, हे प्रेमात पडलेल्यालाच विचारावं. फिजाने आरामात वर्षभर काढलं असतं. पण मध्ये ती पाठ आली.

झालं असं, की मोहसीनचं ‘झळक’ या ॲपवर एक पान होतं. नाव ‘पाठराखण’. त्यावर फक्त ब्लाउजच्या पाठीचे फोटो. मटका गळा, पान गळा, लटकनं, पैठणीच्या काठाची पट्टी. प्रत्येक फोटोला नंबर. भोरपासून वेल्ह्यापर्यंतच्या बायका दुकानात येऊन सांगायच्या, “मला सात नंबरची पाठ पाहिजे.” बहुतेक ब्लाउज हँगरवर टांगलेले असत. पण जे भारी, जे जीव ओतून शिवलेले, ते एका बाईच्या अंगावर. अकरा नंबर, चौदा, एकोणीस… पाठ तीच. गोरी, ताठ. बाजूला टाकलेली लांब वेणी, वेणीत अबोलीचा गजरा, आणि डाव्या खांद्याखाली एक तीळ. फोटो मानेखाली कापलेला, त्यामुळे चेहरा कुणाचा ते कळायची सोय नाही.

त्या एका तिळाने फिजाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाजारात गेली की ती पुढच्या बाईच्या पाठीकडे बघायची. क्लासमध्ये मुली टायपिंग करत बसल्या की ही मागून खांदे तपासायची. वरवे बुद्रुकला मैत्रिणीच्या लग्नाला गेली, तर नवरी कशी दिसत होती हे तिला सांगता येईना, पण मांडवातल्या पाठी पाठ झाल्या होत्या. तीळ कुठेच सापडला नाही.

शेवटी एकदा दुकानात, खडूच्या तुकड्याशी खेळत तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “एकोणीस नंबर छान आलाय. कुणाचा तो?”

“तो ना? बेगमचा.” मोहसीन मशीनवर वाकून हसला. “बेगमला काहीही घाला, शोभतं. आणि आजवर एक तक्रार नाही.”

बेगम! फिजा तिथून उठली ती थेट क्लासमध्ये येऊन बसली. तक्रार नाही म्हणे. मग मी करते की! तिने एकोणीस नंबरचा फोटो उघडला आणि ‘तक्रार करा’वर बोट ठेवलं. ॲपने कारण विचारलं. फसवणूक, द्वेष, प्रौढ मजकूर… यापैकी काय? द्वेष तर तिच्याच पोटात मावत नव्हता, म्हणून तिने तिसरं निवडलं. एक फोटो जाईल, बाईसाहेबांचा तोरा उतरेल, एवढंच तिच्या मनात होतं.

पण वेळ वाईट निघाली. त्याच आठवड्यात ‘झळक’ने जाहीर केलं की यापुढे ॲपवर प्रौढ मजकूर अजिबात चालणार नाही, आणि तो शोधायचं काम यंत्राकडे दिलं. यंत्राने नांगर फिरवावा तसा सगळीकडे हात फिरवला. चित्रकारांची चित्रं गेली, बाळाला पाजायचं कसं हे शिकवणाऱ्या डॉक्टरबाई गेल्या, मालिशवाले गेले. जे खरोखर घाण विकत होते, ते दुसऱ्या दिवशी नवी नावं घेऊन परत आले. देशभर लोक कंपनीच्या नावाने बोटं मोडू लागले, शेकड्यांनी ॲप काढून टाकू लागले. आणि भोरमध्ये ‘पाठराखण’च्या जागी एकच ओळ उरली… ‘प्रौढ मजकुरामुळे हे पान बंद करण्यात आले आहे.’

बायकांच्या शिंप्याचा सगळा धंदा विश्वासावर. चहाच्या टपऱ्यांवर डोळे मिचकावणं सुरू झालं. “जलीलमियाँच्या पोरानं कसली दुकानदारी चालवली होती रे?” दोन घरांतून पुरुष येऊन न कापलेलं कापड परत घेऊन गेले. गौरी पंधरा दिवसांवर आलेल्या, एरवी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. आता जलीलचाचा दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसू लागले.

पहिला आवाज चढवला तो मार्गासनीच्या फुलाबाईंनी. आळीतल्या सात जणींचे ब्लाउज पिशवीत घालून, दोन गाड्या बदलून त्या दुकानात आल्या आणि मोहसीनलाच झापू लागल्या.

“आमच्या पाठीत काय वंगाळ दिसलं रं त्यास्नी?”

“मावशी, यंत्र आहे ते. त्याला काय कळतंय?”

“न्हाई कळत तर कळवू की!”

आणि त्यांनी कळवलं. सुनेकडून स्वतःचा फोटो काढून घेतला, भातखाचरात तण बेणताना वाकलेली पाठ. खाली लिहायला लावलं, ‘ही बी पाठच हाय. करा बंद.’ दुसऱ्या दिवसापासून झळकवर पाठींची रीघ लागली. गवताचा भारा घेतलेली पाठ, हंडे वाहणारी, लेकरू बांधलेली, घोंगडी पांघरलेली. यंत्राने त्यातल्याही चाळीस काढल्या, तर शंभर नव्या आल्या. मोहसीनची पाठराखण तालुक्याच्या पाठींनीच केली म्हणा ना.

फिजा प्रत्येक फोटो बघायची आणि प्रत्येक वेळी फोन उलटा करून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोहसीन क्लासच्या दारात उभा राहिला. छत्री मिटली, पण आत येईना.

“मॅडम, माणूस दुरुस्त करून मिळेल का?”

तो पान परत मिळवण्याचा अर्ज भरायला आला होता. फिजाने स्क्रीनवर अर्ज उघडला. दोघांची डोकी जवळ आली. त्याच्या अंगाला नव्या कापडाचा, खळीचा वास यायचा. एरवी तिला तो आवडायचा, आज मात्र रडू यायला लागलं.

“छायाचित्रातील व्यक्तीचे नाव,” तिने वाचलं. “आणि तिची लेखी संमती.”

मोहसीन थकून हसला. “बेगमची संमती कुठून आणू?”

“का? विचारा की तिला.”

“ती बोलत नाही गं.”

“रुसलीय?”

“फिजा… तुला एकदा दाखवायलाच पाहिजे ती.”

“मला नाही बघायची!”

बाकीच्या मुलींची टकटक थांबली. फिजाने मान खाली घालून पुढची ओळ वाचली. ‘तक्रारदाराने तक्रार मागे घेतल्यास पान चोवीस तासांत सुरू होईल. तक्रारदाराचे नाव पानाच्या मालकास कळवले जाईल.’

“म्हणजे कुणीतरी तक्रार केलीय,” मोहसीन हळूच म्हणाला. “माझ्याच हातचे कपडे घालणारं कुणीतरी असेल. सापडलं तर भांडणार नाही मी. एवढंच विचारेन, माझं काय चुकलं?”

फिजाला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा आणखी एक माणूस कापड परत न्यायला आला होता. जलीलचाचांनी ते कापड टेबलावर पसरलं, इस्त्री केली, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिलं. “पुन्हा या,” म्हणाले. तो माणूस गेला. चाचा परत खुर्चीत बसले.

फिजाने आपला मोबाईल कापायच्या टेबलावर ठेवला.

“मोहसीन, तुमचा फोन इथं ठेवा. माझ्या शेजारी.”

“का?”

“ठेवा ना…”

त्याने ठेवला. तिने ‘तक्रार मागे घ्या’वर बोट दाबलं. क्षणभराने त्याचा फोन थरथरला. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

“तू?”

“हो.”

“का, फिजा?”

“त्या बाईमुळं!” आता थांबणं शक्यच नव्हतं. “तिच्यासाठी तुम्ही इतका जीव लावून शिवता. तिला गजरा, तिला एकोणीस नंबर. माझे तीन ड्रेस झाले, एकाचाही फोटो नाही. मला जळायला झालं. रोज होत होतं. मला तुम्ही आवडता आणि ती आवडत नाही. झालं! आता काय बोलायचं ते बोला.”

मोहसीनने फोन खाली ठेवला. लाकडी जिन्याने माळ्यावर गेला. वर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि तो उतरला तो तिला कवेत घेऊनच. मान नाही, हात नाहीत, कंबरेखाली लोखंडी दांडा. फायबरचा जुना पुतळा! खांद्यावरून गंगावन लोंबत होतं.

“ही बेगम. घे, भांड हिच्याशी.”

फिजाचं तोंड उघडंच राहिलं. “आणि… तीळ?”

“अब्बांच्या विडीचा चटका.”

“वीस वर्षांपूर्वीची विडी ती,” दारातून चाचा घाईने म्हणाले. “सोडली मी.”

“पण गजरा होता!”

“कागदाचा.”

फिजा हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मोहसीन मात्र हसला नाही.

“यंत्राचं एक सोड, त्याला डोळे नाहीत. तू मला विचारायचं होतंस.”

“विचारलं होतं. तुम्ही बेगम म्हणालात.”

त्याने टेबलावरची टेप उचलली. “म्हणालो खरा… चिडलीस की तुझं नाक लाल होतं, म्हणून.” मग टेपशी चाळा करत म्हणाला, “चूक माझीही आहे. पण अब्बा चार दिवस मान खाली घालून बसलेत, फिजा. पान उद्या सुरू होईल. पुतळ्याचं आमचं कुणी ऐकूनच घेत नाही, लोकांच्या मनातलं कसं निघणार? तू आज जा. मला अजून राग आहे.”

ती गेली. जाताना चाचांसमोर थांबून “माफ करा” म्हणाली. त्यांनी नुसता हात वर केला. तो माफीचा होता की निरोपाचा, हे तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पान सुरू झालं. एकोणीस नंबरच्या खाली सगळ्यात आधी जे उमटलं, ते फिजाने लिहिलेलं होतं, स्वतःच्या पूर्ण नावाने.

‘मी कॉम्प्युटर क्लासवाली फिजा. या फोटोची तक्रार मी केली होती. फोटोत बाई नाही, फायबरचा पुतळा आहे. दुकानात जाऊन बघा. मोहसीननं आणि जलीलचाचांनी काहीही वावगं केलेलं नाही. मला त्या पुतळ्याचा मत्सर वाटला. का वाटला, ते तुम्ही समजून घ्या.’

भोरने समजून घेतलं. वेल्ह्यानेही घेतलं. तासाभरात दुकानासमोर बेगमला बघायला गर्दी झाली, आणि बायका शिंप्याकडे रिकाम्या हातांनी थोड्याच येतात? कापडं घेऊनच आल्या होत्या. फुलाबाईंनी सुनेकडून लिहवलं, ‘आगं पोरी, सरळ त्यालाच सांगायचं व्हतंस की! आमास्नी कशाला फोटू काढाय लावलंस?’

इकडे जमीला फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “सगळी गल्ली वाचतीय. खरं आहे का हे?”

“हो, अम्मी.”

“मग त्यानं काय उत्तर दिलं?”

“काहीच नाही.”

जमीलाने सुस्कारा सोडला आणि लेकीसमोर चहा ठेवला. चहावर साय धरली. चार वाजले, साडेचार झाले. पावसाची एक सर येऊन गेली. आणि मग स्क्रीनवर, सगळ्या तालुक्याच्या डोळ्यांदेखत, मोहसीनचं उत्तर उमटलं.

‘तक्रार पोचली. राग सकाळीच गेला होता, पण गिऱ्हाईक हटेना म्हणून लिहायला उशीर. अब्बांना घेऊन तुमच्या घरी यायचंय. कधी येऊ?’

फिजाने फोन हातात घेतला. लगेच बोलावलं तर लोक काय म्हणतील? तिने लिहिलं, ‘शुक्रवारी या.’ पाठवणार, तेवढ्यात त्याच्या उत्तराखाली आणखी एक ओळ आली. वरवे बुद्रुकची कुणी रत्ना, दोन लाल बदामांसकट… ‘आमच्या घरी पण या ना मोहसीन, माप घ्यायला!’

फिजाचं नाक लाल झालं. तिने ‘शुक्रवारी या’ पुसून टाकलं आणि दाबून दाबून लिहिलं…

‘आजच ये. चाचांना घेऊन ये.’