कनवटीची सुपारी

बायको हजर नसली की नवऱ्याने कनवटीला सुपारी लावून होमाला बसायचं, हे मंगलाला ठाऊक होतं. पण ती कुठे गेली होती? बेहाला उपनगरातल्या त्याच फ्लॅटमध्ये, भिंतीपलीकडे, सासूबाईंच्या उशाशी ती बसली होती... आणि हॉलमध्ये अविनाशने, बावीस वर्षं संसार केलेल्या तिच्या नवऱ्याने, ऑफिसातल्या चारचौघांदेखत तिच्या जागी सुपारी खोचली होती!

त्याची बढती दोनदा हुकली होती. हावड्याहून आलेल्या गुरुजींचं म्हणणं पडलं, की जी बाई रात्रंदिवस मलमूत्रात हात घालते, तिने यजमानीण म्हणून बसू नये, नाहीतर फळ मिळणार नाही. अविनाशने मान डोलावली. ते मलमूत्र त्याच्याच आईचं होतं, आणि आपली नोकरी सोडून मंगला ते तीन वर्षं कपाळाला आठी न घालता काढत होती, एवढं एका शब्दाने त्याने सांगितलं नाही. तिला हे समजलं ते होमाच्या दिवशी सकाळी; नेसायला काढलेलं लुगडं तिने परत कपाटात ठेवलं. परक्याने अपमान केला असता तर तिने गिळला असता. हा घाव मात्र घरच्या माणसाचा होता.

होम उरकला. अविनाश सोवळ्याचा कद नेसलेलाच तीर्थाची पळी घेऊन आईपाशी आला. अर्धांगाने लुळ्या पडलेल्या सासूबाईंनी त्याच्या कनवटीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मग चांगल्या हाताने मंगलाचा पदर धरून त्या अडखळत म्हणाल्या,

"अवी... मंगला गेली का रे? मग सुपारी कशाला?"

तेवढ्यात त्यांच्याखालची चादर ओली झाली. मंगला सवयीने अर्धी उठली... आणि पुन्हा खाली बसली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

बाहेरून गुरुजी आरतीला हाका मारत होते. अविनाश दाराकडे वळला, थबकला, मग पळी खिडकीत ठेवून पलंगाशी वाकला. आईला कुठून धरायचं हेसुद्धा त्या लेकाला माहीत नव्हतं.

"कशी उचलू गं?" त्याने विचारलं.

मंगलाला खूप काही बोलायचं होतं. क्षमा तर तिच्या मनात अजून कुठेच नव्हती.

"आधी मानेखाली हात घाला," ती म्हणाली. "डाव्या खांद्याला ओढू नका, तिथे त्यांना दुखतं."