अनाएलीच्या आईचे दात

त्या गुरुवारी सकाळी आईने चुलीवर मका-राजमा चढवला, तो लवकर शिजावा म्हणून वर मगादी खाराचा खडा टाकला आणि अंगणातूनच हाक दिली, "अने, आवर गं! डॉक्टर थांबेल, गाडी थांबणार नाही."

अनाएलीचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. नवरामुलगा लुहेंदे म्वान्झाचा, तळ्याकाठचा. तिकडच्यांचे दात पांढरे. मेरू डोंगराच्या या उतारावर मात्र नदीचं पाणीच असं, की ते पिऊन वाढलेल्या माणसाचे दात जन्मभर चहात बुडवल्यासारखे दिसतात. आईचेही तसेच होते. पुढच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा, डाव्या सुळ्याशेजारी मसुराएवढा काळा ठिपका. हसू आलं की ती अंगावर ओढलेल्या कांग्याचा, त्या छापील सुती कापडाचा, कोपरा चिमटीत पकडून तोंडावर धरायची. त्या कोपऱ्याची छपाई केव्हाच उडून गेली होती.

गाडीत आईला बोलायला शेजारीण मिळाली. "दारेसलामला गेले होते मागे, तर कंडक्टर म्हणतो, आई, तुम्ही अरुशाकडच्या ना? म्हटलं, हो बाबा, ओळखपत्र तोंडातच घेऊन फिरते!" आख्खी गाडी हसली. आईनेही हसून कोपरा तोंडावर धरला. अनाएली खिडकीबाहेर बघत राहिली.

दातांचे डॉक्टर मोल्लेल यांनी आईचे दात तपासले, त्यांचे फोटो काढले आणि ते पांढरे करायचे दोन मार्ग नीट समजावून सांगितले. एक तर इथेच खुर्चीत, दिव्याखाली, तासाभरात. नाहीतर दातांचा ठसा घ्यायचा, त्यावरून मापाची पारदर्शक खोळ बनवायची आणि तिच्यात जेल भरून घरीच रोज थोडा वेळ लावायची. दोन आठवडे.

"पण आई, आधीच सांगतो. पिवळेपणा जाईल. हा तपकिरी रंग लहानपणीच दातात भिनलाय. थोडा फिकट होईल, जाणार नाही. आजूबाजूचं पांढरं झालं तर उलट उठूनही दिसेल."

"आणि बाजारात त्या दातांवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, त्या?" अनाएलीने विचारलं.

"त्यांनीही हे निघणार नाही. आणि कोळसा-लिंबू सुचवणाऱ्या शेजारणीचं तर ऐकूच नका."

"ती शेजारीण मीच," आई म्हणाली.

"दिव्याखालीच करू," अनाएली म्हणाली. "एकदाचं उरकेल."

"परक्यासमोर तासभर तोंड उघडं टाकून? नाही बाई. घरीच बरं. घरी मला कोण बघतंय."

ठसा घेताना डॉक्टरांनी अनाएलीला बाहेर बसवलं. दाराआडून बराच वेळ आईच्या बोलण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.

परतताना स्टँडवर दोघींनी भाजलेलं कणीस घेतलं. अर्धं मोडून देताना आई म्हणाली, "खरं सांग, अने. लाज वाटते ना माझी?"

"काहीतरीच काय! लग्नाच्या फोटोपुरतं म्हणत होते मी."

आई हसली नाही. तरी तिने कोपरा तोंडावर धरला.

शुक्रवारी सकाळी राजमा निवडता निवडता आई सुपावर ओणवी झाली. ती सरळ झालीच नाही. रविवारी तिला घरामागच्या केळीत पुरलं.

दोन आठवड्यांनी दवाखान्यातून फोन आला. "एलिशिलिया म्बिसे यांचं सामान तयार आहे."

"चुकीचा नंबर," असं अनाएली म्हणणारच होती. तीस वर्षं गावात सगळे आईला अनाएलीची आईच म्हणत. मग तिला आठवलं आणि ती जाऊन खोकं घेऊन आली.

खोक्यात पारदर्शक खोळी होत्या, जेलच्या नळ्या होत्या, आणि ज्यावर त्या खोळी बेतल्या होत्या ते प्लॅस्टरचे दात. वरचा जबडा वेगळा, खालचा वेगळा. खडूसारखे पांढरे. पुढच्या दोन दातांतली फट आईचीच, खालचा वाकडा दातही आईचाच. पण डाग नसलेलं ते तोंड परक्या बाईचं वाटलं. अनाएलीने वरचा जबडा खालच्यावर बसवला आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून दिला. आईचा कांगा दाराजवळच्या खिळ्याला लटकत होता, गुरुवारपासून तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांगा टेबलावर होता. दातांवर त्याचा एक कोपरा पडलेला.

वाऱ्याने उडाला असेल, असं तिला वाटलं. खिडकी बंद होती. तिने कांगा पुन्हा खिळ्याला लावला.

तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. कोपरा तोच, छपाई उडालेला.

शनिवारी लुहेंदे आला तेव्हा तिने विचारलंच.

"मी? मी कशाला झाकू?" तो म्हणाला. "मी तर आत्ता येतोय. आणि त्या दातांकडे मी बघतसुद्धा नाही. सासूबाई उखाणा घे म्हणतील असं वाटतं." ती हसली नाही, तेव्हा तो हळूच म्हणाला, "खोक्यात ठेव ना ते. कशाला रोज समोर?"

तिने दात ठेवले तिथेच ठेवले. कांग्याची घडी घालून पेटीत टाकली, पेटीला कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर दार उघडलं, तर कांगा दातांवर. पेटीला कुलूप होतं. कोपरा हाताला ओलसर लागला, आणि त्यावर चिमटीची चुणी होती. तिने कोपरा बाजूला केला.

प्लॅस्टरच्या पुढच्या दातांवर बारीक रेघ उमटली होती. चहाच्या रंगाची.

सोमवारी ती रेघ सगळ्या पुढच्या दातांवर गेली होती. बुधवारी तिच्याखाली दुसरी आली. गुरुवारी डाव्या सुळ्याशेजारी ठिपका दिसला तेव्हा अनाएलीने दात फडक्यात गुंडाळले आणि डॉक्टरांकडे नेले.

"प्लॅस्टर ओल धरतं," डॉक्टर म्हणाले. "डाग पडतात. धुराचे, हाताचे. त्यात एवढं घाबरण्यासारखं—" बोलता बोलता त्यांनी ठसा घेण्याआधी काढलेला आईच्या दातांचा फोटो पडद्यावर आणला. प्लॅस्टरचे दात शेजारी धरले. रेघेला रेघ जुळत होती. ठिपक्याला ठिपका.

डॉक्टरांनी दात सावकाश टेबलावर ठेवले आणि हात पुसले.

"मी तुला पांढरे दिले होते," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "तुझे दात इतके स्वच्छ कसे, कधी विचारलंस आईला?"

"नाही."

"त्या दिवशी मी विचारलं. म्हणाली, पोरगी आठ वर्षांची होईपर्यंत तिला नदीचा थेंब पिऊ दिला नाही. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिवळ्या कॅनमध्ये साठवायची, फक्त तुझ्यासाठी. ते संपलं की दीड तास चढून वरच्या झऱ्यावर जायची. तुझ्या राजम्यात खारही घालायची नाही, त्यानेही दात डागतात म्हणून. चार-चार तास तुझं भांडं वेगळं शिजायचं."

अनाएलीला पिवळा कॅन आठवला. चुलत भावंडं निळ्या कॅनमधून पाणी प्यायची, आणि आपल्याला त्याला हात लावू देत नाहीत म्हणून ती रडायची. एकदा भावंडांबरोबर तिने नदीवर ओंजळ भरली, तेव्हा आईने फाडकन थोबाडीत मारली होती. आईने आयुष्यात एकदाच मारलं होतं. ती थोबाडीत अनाएली पंचवीस वर्षं विसरली नव्हती. भांडण झालं की अजूनही काढायची. आईने कारण कधीच सांगितलं नाही.

"मी म्हटलं, मुलीला सांगितलंस का हे," डॉक्टर म्हणाले. "तर म्हणाली, कशाला? ती हसते ना तोंड उघडून, बास."

घरी आली तेव्हा दुपार टळत होती. बाहेर केळीची पानं स्थिर होती. कांगा टेबलावर पसरलेला होता, वाट बघत असल्यासारखा. तिने वरचा जबडा खालच्यावर नीट बसवून दात टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवले आणि समोर खुर्ची ओढून बसली.

आपल्या बाजूचं कांग्याचं टोक तिने मुठीत धरलं. छपाई उडालेला कोपरा पलीकडे, दातांजवळ होता.

तो हलला.

सावकाश वर उचलला गेला, चिमटीत पकडल्यासारखा. कापड ताणलं. तिच्या मुठीला ओढ लागली. ती ओळखीची होती: गर्दीत हात धरणाऱ्या माणसाची असते तेवढीच.

अनाएलीने मूठ सोडली नाही.

"हो," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने. "हो. लाज वाटत होती मला तुझी. त्या दिवशी गाडीतसुद्धा वाटली. मी खोटं बोलले, आई."

ओढ तशीच राहिली. अंगणात कोंबडी ओरडली, थांबली.

मग कापड सैल पडलं. कोपरा टेबलावर उतरला, दातांपासून दूर.

वरचा जबडा खालच्यावर टेकलेला नव्हता. दोघांमध्ये बोटभर अंतर होतं आणि त्या अंतरात आधाराला काहीच नव्हतं. तपकिरी दात ओलसर चमकत होते.

अनाएली खुर्ची घेऊन आणखी जवळ सरकली.

"हस, आई," ती म्हणाली. "मी बघतेय."